चीनच्या कर्जाची बातमी नीट कशी वाचायची

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची आपली पोरं स्पर्धा परीक्षेला बसतात आणि चीन म्हटलं की लगेच 'कर्जाचा सापळा', म्हणजे कर्ज देऊन लहान देशाला कब्जात घ्यायचं, असं लिहून मोकळी होतात, तेवढ्यावर थांबू नका बघा.

आधी पैसा कसला ते बघा, कर्ज, गुंतवणूक की अनुदान. मग आपण सोसायटीचं कर्ज काढताना बघतो तसं व्याज, मुदत, तारण बघा. हंबनटोटाचंच घ्या, २०१७ मध्ये श्रीलंकेनं बंदर ९९ वर्षांच्या लीजवर चिनी कंपनीला दिलं, सुमारे ११२ कोटी डॉलरला, पण त्यानं बंदरासाठी चीनकडून काढलेलं कर्ज माफ झालं नाही, तो पैसा परकीय चलनाच्या गंगाजळीत गेला. आणि श्रीलंकेच्या डोक्यावर आंतरराष्ट्रीय बाँडचं, म्हणजे परदेशी बाजारात रोखे विकून उभारलेलं कर्ज चीनच्या कर्जापेक्षा जास्त होतं, हे उत्तरात लिहाच.

दुसरं म्हणजे लहान देशानं काय केलं ते शोधा, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण ते देश गप्प बसलेले नसतात. मलेशियात २०१८ ला सरकार बदललं, नवे पंतप्रधान महाथीरनी चीनच्या कर्जावरची पूर्व किनाऱ्याची रेल्वे थांबवली, परत बोलणी केली आणि २०१९ मध्ये खर्च ६,५५० कोटी रिंगिटवरून ४,४०० कोटींवर आणला. म्यानमारनं चिनी पैशाचं क्याउकप्यू बंदर ७३० कोटी डॉलरवरून पहिल्या टप्प्यात १३० कोटींवर छाटलं.

शेवटी तिथल्या निवडणुकीची तारीख बघा, करार बहुतेक सत्ता बदलली की परत उघडतात.