सेल्फ रेजिंग फ्लोअर वापरताय? या चुका टाळा

सेल्फ रेजिंग फ्लोअर म्हणजे बेकिंग पावडर आधीच मिसळलेला मैदा. अमेरिकी पाकिटात मीठही असतं. ब्रिस्टलच्या हेन्री जोन्सने १८४५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, यापलीकडे त्यात जादू काही नाही. तरी पाकिटावरच्या चार ओळी न वाचता भांडं घेऊन बसणारे काही कमी होत नाहीत.

सगळ्यात लाडकी चूक म्हणजे वरून पुन्हा बेकिंग पावडर घालणं. कोथरूडला आमच्या सोसायटीतल्या एका काकूंना भाचीने लंडनहून हे पाकीट आणून दिलं. काकूंनी नेहमीच्या मैद्याच्या कृतीप्रमाणे दोन चमचे पावडर घातली, शिवाय ‘फुगायला नको का?’ म्हणून चिमूटभर सोडा. कढईतला केक झाकणाला जाऊन टेकला, घरभर कौतुक झालं आणि गॅस बंद करायच्या आतच मधोमध खड्डा! वायू जास्त झाला की बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि फुटतात. केक घट्ट होण्याआधीच खाली बसतो. चवीला साबण. दोष अर्थातच पाकिटाला गेला. काही स्पंजच्या कृतींत जास्तीची पावडर मुद्दाम सांगितलेली असते, तिथे घाला, मनाने नको.

उलटी चूक म्हणजे कृतीत हे पीठ असताना साधा मैदा घेणं. मग केकचं थालीपीठ होतं. १५० ग्रॅम मैद्याला दोन सपाट चमचे बेकिंग पावडर घ्या. चमचा मोजायचा, म्हणजे टीस्पून, पोह्याचा नव्हे. मी तीनदा चाळते. ‘चमच्याने ढवळलं की झालं’ म्हणणाऱ्यांच्या केकला एकीकडे डोंगर, दुसरीकडे दरी असते, वर हेच लोक ओव्हनला नावं ठेवतात.

पुण्याच्या पावसाळ्यात उघडं पाकीट ठेवू नका. दमट हवेने पावडर डब्यातच मरते. मी त्या दिवसापुरतंच मिसळते. शंका आली तर अर्धा चमचा बेकिंग पावडर गरम पाण्यात टाका. जोरात फसफसली नाही तर फेकून द्या.

मिश्रण भिजवून मग कढई तापत ठेवू नका, आधी कढई. पावासाठी हे पीठ नको, तिथे यीस्टच लागतं. श्रुसबरी बिस्किटांसाठीही नको. खुसखुशीतपणा जाऊन ती फुगीर होतात.

आणि ‘यीस्ट नाही, म्हणजे हेल्दी’ हे कुणी पसरवलं? हा मैदाच आहे: १०० ग्रॅमला साधारण ३५० कॅलरी, प्रथिनं १० ग्रॅमच्या आसपास, तंतू जेमतेम. वर पावडरीतलं सोडियम येतं. मीठ घातलेल्या अमेरिकी पिठात ते १०० ग्रॅमला हजार मिलिग्रॅमच्या पुढे जातं. घरात कुणाला बीपी असेल तर स्वतः मिसळा आणि मीठ वगळा. तंतू हवेत तर अर्धी कणीक घ्या. पावडर तेवढीच, दूध मात्र थोडं जास्त लागेल आणि केक जरा दडस होईल.