चिपमध्ये हिरवा ठिपका कसा जमवायचा

केसाएवढ्या बारीक वाहिन्यांच्या चिपमध्ये विजेच्या जोरावर नमुन्यातले रेणू एका ठिपक्यात गोळा करता येतात. प्रथिनांना हात लावण्याआधी फ्लुरेसिन या रंगद्रव्यावर सराव करा. स्वस्त, ऋणभारित, आणि निळ्या उजेडात हिरवं चमकतं. म्हणजे कुठे चुकलं ते डोळ्यांना दिसतं.

चिपमध्ये शेजारी-शेजारी दोन वाहिन्या हव्यात. माझ्या १०० मायक्रॉन रुंद आणि १० मायक्रॉन खोल असतात. एकीत नमुना, दुसरीत नुसतं बफर, म्हणजे पीएच सांभाळणारं क्षारांचं पाणी. खालच्या काचेवर दोघींना आडवी जोडणारी नाफिऑन या पॉलिमरची पातळ पट्टी. नाफिऑन धन आयन सोडतं, ऋण आयन अडवतं. त्यामुळे व्होल्टेज दिलं की नमुन्याच्या वाहिनीत पट्टीपाशी क्षार जवळजवळ संपतात आणि तिथलं विद्युतक्षेत्र एकदम वाढतं. मागून प्रवाह ढकलतोय, पुढून क्षेत्र परत लोटतंय, अशा कात्रीत ऋण रेणू सापडतात आणि साचत जातात.

प्लाझ्मा बाँडिंग झालं, म्हणजे वाहिन्या असलेला पीडीएमएसचा (सिलिकॉन रबराचा) तुकडा काचेला चिकटवला, की चिप लगेच भरा. उद्यावर टाकलंत तर पीडीएमएस पुन्हा पाणी झटकायला लागतं आणि बुडबुडे अडकतात. बफर १ मिलीमोलर फॉस्फेट. प्रयोगशाळेतलं नेहमीचं मीठ घातलेलं फॉस्फेट बफर, पीबीएस, त्याच्या कितीतरी पट खारट असतं, त्यात ठिपका जमवायला जीव मेटाकुटीला येतो. वाहिन्यांच्या टोकांना द्रव भरायचे खड्डे असतात, त्या सगळ्या विहिरींतली पातळी सारखी ठेवा. जरा वरखाली झाली तरी प्रवाह आपल्या मर्जीने धावतो.

विहिरींत बुडवून व्होल्टेज द्यायच्या तारा प्लॅटिनमच्याच. एकदा पैसे वाचवायला मी तांब्याची लावली; धन टोकाची तार कुरतडली गेली, तांबं नमुन्यात उतरलं, दिवस वाया. तारेचं टोक वाहिनीच्या तोंडापासून लांब, विहिरीच्या कडेला ठेवा. पाण्याचं विघटन होणारच, निदान बुडबुडे आत शिरायला नकोत. त्यानेच पीएचही बिघडतो, म्हणून मी दर वीस मिनिटांनी विहिरींतलं बफर बदलते.

आता नमुन्याच्या वाहिनीला डावीकडे ३० व्होल्ट, उजवीकडे २०. बफरची दोन्ही टोकं शून्यावर. करंट खाली आला की समजा, पट्टीपाशी क्षार संपले. मग पट्टीच्या अलीकडे, डाव्या हाताला, आधी धूसर रेघ आणि मग ठसठशीत ठिपका दिसतो. दिवा मात्र सतत चालू ठेवू नका, फ्लुरेसिन विझतं आणि आपण उगाच चिपला दोष देत बसतो.

ठिपका पट्टी ओलांडून उजवीकडे निसटत असेल तर दोन्ही टोकांचं व्होल्टेज थोडं वाढवा, त्यांतला फरक तेवढाच ठेवून. डावीकडे सरकत विहिरीकडे निघाला तर दोन्ही उतरवा. एका वेळी दोन व्होल्ट, आणि प्रत्येक बदलानंतर मिनिटभर हात बांधून बसा.