माजघरातलं ऑर्किड

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याच्या माजघरात भर दुपारीही दिवा लावावा लागतो. तिथे ठेवलेलं पहिलं ऑर्किड दोन महिन्यांत गेलं. मी खापर अंधारावर फोडलं. कुंडी उपसली तर मुळं काळी, पिचपिचीत. चिमटीत धरली की साल निसटून नुसता दोरा हातात. उजेड कमी तिथे पाणी वाळत नाही, आणि मी तुळशीसारखं रोज तांब्याभर ओतत होते!

रोपवाटिकेत फॅलेनॉप्सिसच मागा, कमी उजेडात तगणारं ऑर्किड ते. डेंड्रोबियम हे दुसरं ऑर्किडही मिळेल, पण त्याला भरपूर उजेड लागतो. माजघरात ते फुलायचं नाही.

आधी जागा पारखा. दुपारी बाराला तिथे पांढरा कागद ठेवून फूटभर वर हात धरा. पुसट का होईना, सावली पडली तर चालेल. नाहीच पडली तर पानांच्या फूटभर वर पांढरा एलईडी, रोज बारा तास. रात्री मात्र बंद, कारण हे झाड कार्बन डायऑक्साइड रात्री घेतं.

माती अजिबात नको. मूळचं झाडाच्या खोडावर वाढणारं रोप हे, मुळांना वारा हवा. पाइनच्या सालीचे तुकडे, मूठभर लाकडी कोळसा, आणि पारदर्शक प्लास्टिकची कुंडी. पारदर्शक अशासाठी की मुळं दिसतात: चंदेरी झाली तर पाणी, हिरवी असतील तर हात आवरा. माझ्याकडे मे महिन्यात पाच-सहा दिवसांनी पाळी येते, श्रावणात दहा-बारा दिवसांनी. कुंडी दहा मिनिटं बादलीत बुडवायची, मग पूर्ण निथळू द्यायची. पानांच्या बेचक्यात पाणी राहिलं तर कापसाने टिपा, नाहीतर शेंडा सडतो. खत महिन्यातून एकदा पुरे: लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम २०-२०-२० (नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत).

पानं गडद हिरवी आणि लुळी, म्हणजे उजेड कमी. झाड जगेल, फुलणार नाही. सासूबाई विचारतातच, “देवाला कधी वाहायची?” त्यासाठी दिवाळीनंतर, रात्री १७-१८ अंशांवर उतरल्या की, कुंडी तीन-चार आठवडे पूर्वेच्या खिडकीत हलवा. पानाच्या बुडाशी कोंब येईल. टोक गोल, चकचकीत असेल तर ते मूळच. चपटं, बोटं मिटलेल्या हातमोज्यासारखं असेल तर फुलांचा दांडा. दांडा दिसल्यावर कुंडी फिरवू नका, तो उजेडाकडे वळत राहतो आणि कळ्या वेड्यावाकड्या लागतात.