नाताळच्या पार्टीसाठी चोरीस-चीज पाव

बारा छोट्या पावांना 200 ग्रॅम गोवन चोरीस (डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज), दोन मध्यम कांदे, 150 ग्रॅम मोझरेला आणि 50 ग्रॅम प्रोसेस्ड चीज पुरतं. पाव आदल्या दिवशीचा घ्या. ताजा लादीपाव चोरीसचं तूप (सुटलेली चरबी) शोषून लगेच लगदा होतो.

चोरीस खारवून धुरी दिलेली असली तरी कच्चीच असते, म्हणून नीट शिजवणं आलंच. दोरा कापा, आतडं सोलून टाका, मांस कुस्करा. कढईत तेल अजिबात नको. अर्धी वाटी पाणी घालून झाकण ठेवा, मंद आचेवर वीस मिनिटं. पाणी आटलं की लाल तूप सुटतं. त्यातलं दोन चमचे ठेवून बाकीचं काढा (उद्या अंडी त्यात परता) आणि उरलेल्यात बारीक चिरलेला कांदा गुलाबी होईपर्यंत परता. मीठ आणि व्हिनेगर चोरीसमध्येच भरपूर असतं, वरून काही घालू नका.

पावाची टोपी कापा, आतला मऊ भाग थोडा काढा, सारण भरा, वर दोन्ही चीज घाला. चीज घरीच किसा: पाकिटातल्या किसलेल्या चीजला स्टार्च लावलेला असतो, ते एकजीव वितळत नाही. नुसतं प्रोसेस्ड घातलं तर तार येत नाही, नुसतं मोझरेला फिकं लागतं. ओव्हन आधी 180 अंशांवर तापवा, मग आठ मिनिटं. पाहुणे बसल्यावरच पाव आत सरकवा. थंड झालं की चीज रबरासारखं होतं.

चोरीसऐवजी सलामी वापरायची तर पातळ पट्ट्या आधी कोरड्या तव्यावर कडेने कुरकुरीत करा.