गोड बोलून केलेला भेदभाव ओळखायचा कसा, आणि मग करायचं काय

"बायकांना अक्कल नसते" असं कोणी तोंडावर म्हटलं तर ते ओळखायला काही शिकावं लागत नाही, पंचाईत होते ती गोड बोलण्याची. ग्लिक आणि फिस्क या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये २२ वाक्यांची प्रश्नावली काढली, त्यातली ११ वाक्यं उघड आकसाची आणि ११ गोड, म्हणजे बायकांना जपलं पाहिजे, त्या मनाने पुरुषांपेक्षा निर्मळ असतात, वगैरे. पुढे १९ देशांत तपासलं तर ज्या देशात आकस जास्त तिथे हा गोडवाही जास्त निघाला. त्यामुळे "मी तर लेडीजचा फार रिस्पेक्ट करतो" म्हणून सुटता येत नाही.

आधी सोपी टेस्ट, वाक्य उलटं करून बघा. "त्याच्या घरी लहान बाळ आहे, त्याला रात्रीच्या कामाला नको" हे एखाद्या बाप्याबद्दल म्हणून बघा, हसू आलं की समजा गडबड आहे.

मी स्वतः हे केलंय. हिंजवडीत टीम लीड होतो, शनिवारी रात्री रिलीज होतं, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चालू करायची होती, सगळ्यांची नावं टाकली आणि एकीचं वगळलं, कारण बाळ आठ महिन्यांचं, आणि वर स्वतःवरच खूश, की बघा किती समजूतदार लीड आहे मी. अप्रेझलला रिलीज केलेली पोरं वर गेली आणि ती खाली राहिली. ती शांतपणे म्हणाली, "अरे, मला एकदा विचारलं का नाहीस? आई आलीये माझी, बाळ रात्री तिच्याकडेच झोपतं." काय बोलणार यावर! तेव्हापासून मी विचारतो, आणि सगळ्यांना विचारतो, ज्याला मूल झालंय त्या बाप्यालाही, कारण फक्त तिलाच विचारलं तर परत तेच झालं ना.

घरी मात्र मोजल्याशिवाय काही कळत नाही. २०१९ च्या सरकारी टाइम यूज सर्व्हेत स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती आणि पुरुषांची ९७, आणि ही ९७ सुद्धा जे करतात त्यांचीच, शंभरातले जेमतेम २६ पुरुष दिवसभरात काही करत होते. आठवडाभर फ्रिजवर कागद लावा आणि कोणी काय केलं ते लिहा. भांडी-झाडू तर लिहालच, पण सिलेंडरचा नंबर लावणं, "उद्या दूध नको" हे लक्षात ठेवणं, शाळेच्या ग्रुपवरचे मेसेज वाचणं, मावशी येणार नाहीत म्हटल्यावर पुढचं सगळं जुळवणं, हेही लिहा. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी भांडण झालं, तुमच्याकडेही होईल, कागद काढू नका. आणि "मी तिला मदत करतो" यातला 'मदत' शब्द बंद, घर दोघांचं आहे.

इंटरव्ह्यूला बोलवायचं असेल तर नाव झाकून सीव्ही वाचा. अमेरिकेत २०१२ च्या एका प्रयोगात १२७ सायन्सच्या प्रोफेसरांना एकच अर्ज दिला, अर्ध्यांना जॉनच्या नावाने आणि अर्ध्यांना जेनिफरच्या. जॉनला वर्षाला तीस हजार डॉलर द्यायला तयार, जेनिफरला साडेसव्वीस हजार, आणि बायका प्रोफेसरही तसंच करत होत्या, म्हणजे "आमच्या पॅनेलवर लेडी आहे" याचाही भरवसा नाही.

मीटिंगमध्ये तिची आयडिया दुसऱ्याने स्वतःची म्हणून सांगितली तर भाषण नको, एवढंच म्हणा, "हे मघाशी तीच म्हणाली ना, पुढचं तिलाच बोलू दे." फालतू जोकला गंभीर चेहऱ्याने "कळला नाही, समजावून सांग ना" म्हणायचं, मित्रांमध्ये हे मस्त चालतं. काकालोकांवर मात्र चारचौघांत करू नका, पुणेरी माणूस लोकांसमोर चूक कबूल करायचा नाही, बाजूला घेऊन बोला.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत खजिनदार ताई सीए आहेत, तरी दर मीटिंगला "ताई, चहाचं बघता का जरा? तुमच्या हातचा चहा म्हणजे काय!" हे ठरलेलं. हिशोब अर्धा वाचून बिचाऱ्या किचनकडे जायच्या आणि तोवर खर्चाचा विषय इथे उरकलेला असायचा. शेवटी चिठ्ठ्या टाकायचं ठरवलं. पहिलीच चिठ्ठी सेक्रेटरी काकांची निघाली, चहा अगदी पांचट झाला, पण ताईंनी पूर्ण हिशोब वाचला आणि लिफ्टच्या मेंटेनन्सचं एक बिल दोनदा दिलेलं सापडलं.