आधी भेजा, मग वजरी

रमजानात रात्री एक वाजता पुण्याच्या मोमीनपुऱ्यातल्या हॉटेलात जायचं असेल, तर संध्याकाळचं जेवण टाळा. मी सदाशिव पेठेतला, वरणभातावर वाढलेला. पहिल्याच खेपेला वजरी, म्हणजे जनावराच्या पोटाची पिशवी, मागवली आणि रबर चघळल्यासारखा बसून राहिलो. सुरुवात भेजा फ्रायने करा. मऊ, भुर्जीसारखा लागतो. पण तव्यावरून उतरल्या उतरल्या खायचा, गार झाला की मजा गेली. मग पाया, म्हणजे जनावराच्या पायांचा रस्सा. रस्सा बोटांना चिकटला की समजा, नीट शिजलाय. हाडा-कातड्यातलं जिलेटिन उतरलेलं असतं. लिंबू पिळा, नान बुडवा. वजरी शेवटी, तीही दोघांत एक प्लेट. उग्र वास आला तर धुणं कमी पडलंय, सरळ परत करा. खिरी, म्हणजे जनावराची कास? अजून धीर झालेला नाही. घरी जाताना बडीशेप मात्र मूठभर खातो, आई जागीच असते.