युद्धाचे फोटो काढायचेत? आधी धडगावची एसटी पकडा

धुळे-जळगावची पोरं नेहमी विचारतात, भाऊ, कॉन्फ्लिक्ट फोटोग्राफर व्हायचंय, कॅमेरा कोणता घेऊ? सेकंडहँड घ्या, 35 एमएमची एक लेन्स घ्या आणि उरलेले पैसे प्रवासाला ठेवा. दानिश सिद्दीकी 2018 मध्ये रोहिंग्यांच्या फोटोंसाठी पुलित्झर मिळालेल्या रॉयटर्सच्या टीममध्ये होते, एवढी मोठी संस्था पाठीशी असूनही 16 जुलै 2021 ला अफगाणिस्तानात स्पिन बोल्डकला मारले गेले. त्यामुळे इन्शुरन्स नाही, रक्त थांबवायचं ट्रेनिंग नाही, तर तिकडची घाई नकोच.

आणि काम इथं नाही असं थोडीच आहे? नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणात आपल्या नंदुरबार जिल्ह्यातली, धडगावकडची गावं बुडाली, 2019 च्या सप्टेंबरात धरण पहिल्यांदा पूर्ण 138.68 मीटरपर्यंत भरलं. पाणी चढताना सगळेच फोटो काढतात हो, नंतर काठावर राहिलेल्या माणसाचं काय झालं ते बघायला कोणी जात नाही. तुम्ही जा, दरवर्षी जा. पहिल्या खेपेला कॅमेरा बॅगेतच राहू द्या, पावरी किंवा भिली बोली येणारा गावातलाच कोणी सोबत घ्या आणि फोटो कुठं छापणार ते आधी सांगा. नाही म्हणाले तर नाही.

कॅप्शनला मात्र फोटोपेक्षा जास्त वेळ द्या, हे मी ठेच लागून शिकलो. एका बाईचा नांगरटीचा फोटो पाठवला, कॅप्शन दोनच शब्दांचं, आणि एका पेपरनं खाली छापलं 'अतिक्रमणधारक'. तिचा वनहक्काचा, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीवरच्या हक्काचा दावा पेंडिंग होता, 2006 च्या वनहक्क कायद्याप्रमाणे पडताळणी पूर्ण होईपर्यंत दावेदाराला जमिनीवरून काढता येत नाही, आणि आम्ही तिला सरळ चोर ठरवून मोकळे. तेव्हापासून नाव, गाव, तारीख, दाव्याची स्थिती, सगळं तिथंच वहीत लिहून त्यांना वाचून दाखवतो, मगच उठतो.

लैंगिक अत्याचाराची केस असेल तर पीडितेची ओळख पटेल असं काहीच नको. मूल असेल तर पोक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं कलम 23 वाचूनच घ्या, चेहरा, नाव, शाळा, शेजार काहीही छापता येत नाही. फाईल पाठवताना आतलं जीपीएस लोकेशन काढून टाका, रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ फाईल, दोन हार्ड डिस्कवर ठेवा, फ्रेममधली एक काडीसुद्धा इकडची तिकडे करायची नाही.

पैसे सुरुवातीला मिळत नाहीत, लग्नाच्या ऑर्डरी घ्या, त्यात कमीपणा नाही. आणि पुढच्या खेपेला प्रिंट न्या. त्या बाईला मी दिलेला फोटो तिनं दाव्याच्या कागदांच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलाय, पावतीच्या मागं.